दिराचा जोडा

माझ्या नवऱ्याच्या धाकट्या भावाच्या पायातला जोडा मी एकदा स्वतःच्या हाताने सोडला, लांब फेकला आणि त्याच्या पुढ्यात थुंकले. समोर तीन रब्बी, म्हणजे आमचे धर्मगुरू, आणि दोन साक्षीदार बसले होते. त्यांच्यापैकी कुणी मला अडवलं नाही. उलट थुंकी नीट पडली की नाही, हे त्यांनी वाकून बघून घेतलं. ॲमस्टरडॅममध्ये, सकाळी साडेदहा वाजता, आमच्या धर्माच्या कायद्याप्रमाणे हे झालं.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. आडनावाच्या शेवटी 'कर', घरात मराठी, गळ्यात मंगळसूत्र. पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. मी ठाण्याची. माझ्या लहानपणी आम्ही सिनेगॉगला, म्हणजे आमच्या प्रार्थनाघराला, घरी सरळ 'मशीद' म्हणायचो. लग्न होऊन २००२ साली मी नवऱ्यामागोमाग आइंडहोवनला आले, तेव्हा शेजारच्या पुण्याच्या बायकांना मी ज्यू आहे हे पटायला दोन दिवाळ्या जाव्या लागल्या.

नवरा चिप बनवणाऱ्या मशीनच्या कामात इंजिनिअर होता. शांत माणूस. त्याने वर्षभर खटपट करून धाकट्या भावाला इकडे नोकरी मिळवून दिली. दीर आला तो आमच्याकडेच उतरला आणि चौदा महिने राहिला. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, पण आमच्या घरच्या रीतीप्रमाणे मी त्याला 'भावजी' आणि 'तुम्ही' म्हणायची. त्याचे डबे भरले, त्याला सायकल घ्यायला मदत केली, त्याला ताप आला तेव्हा घरच्या डॉक्टरकडे मीच फोन लावला. तो हसरा होता, गोडबोल्या होता. खोटं कशाला सांगू, मला तो आवडायचा. नंतर त्याने गावातच वेगळी खोली घेतली, पण नगरपालिकेत पत्ता बदलायचा आळस केला. त्यामुळे त्याचं टपाल आमच्याच दारात पडत राहिलं. आठवड्यातून एकदा येऊन तो ते घेऊन जायचा आणि जाताना जेवून जायचा.

२००४च्या पानगळीत नवऱ्याला सायकलवरून येताना दम लागायला लागला. मग हिरड्यांतून रक्त. मग रक्ताचा कर्करोग. तीन आठवड्यांत आमचं घर म्हणजे हॉस्पिटलच्या फेऱ्या झालं. औषधांनी आजार थोडा मागे हटला, पण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की दुसऱ्या कुणाच्या मूळपेशी मिळाल्या तरच पुढचं आयुष्य. सख्ख्या भावंडाच्या जुळण्याची शक्यता सगळ्यांत जास्त. बाहेरचा माणूस शोधायचा तर अवघड, कारण आम्ही मूठभर लोक, शतकानुशतकं आपसांत लग्नं केलेले. आमच्यासारखं रक्त जगाच्या यादीत कुठून सापडणार?

दिराने रक्त तपासायला दिलं. जुळलं. अगदी पुरतं जुळलं. त्या दिवशी नर्सने येऊन सांगितलं तेव्हा नवऱ्याने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचली. मी ठाण्याला सासूबाईंना फोन केला, मलिदा करायला सांगितलं. आमच्यात नवस फेडायला पोहे, गूळ, खोबऱ्याचं ताट करतात, तो मलिदा. दिराला त्रास असा फारसा नव्हता. पाच दिवस पोटात सुया, अंग दुखणार, मग एक दिवस मशीनला जोडून बसायचं, रक्त एका हातातून बाहेर, दुसऱ्या हातातून आत. तारीख ठरली.

तारखेच्या नऊ दिवस आधी दीर संध्याकाळी आला. कोट न काढताच पलंगाच्या कडेला बसला.

"दादा, माझं नाही चालणार," तो म्हणाला. "पुढच्या तपासणीत काहीतरी निघालं. लिव्हरचं. डॉक्टर म्हणाले, तुम्ही देऊ शकत नाही."

मी दिराला काय निघालं, कसं निघालं ते विचारायला लागले. नवऱ्याने मात्र हात लांब करून भावाच्या डोक्यावरून फिरवला. केस गळून गेलेला, ओठ फुटलेला माणूस भरल्या केसांच्या भावाची समजूत काढत होता.

"जाऊ दे रे. तू स्वतःची काळजी घे. लिव्हर म्हणजे हलकं नाही." आणि मला म्हणाला, "याला आता तेलकट-तिखट देऊ नकोस. वेगळं काहीतरी करत जा."

मी करत गेले. नवऱ्याला शिजवलेला पातळ भात आणि दिराला बिनफोडणीची मुगाची खिचडी. तो दर आठवड्याला यायचा, खिचडी खायचा, "वहिनी, तुम्ही किती करता," म्हणायचा. टपाल न्यायला मात्र विसरायचा. खिडकीच्या कठड्यावर त्याच्या लिफाफ्यांचा गठ्ठा साचला होता. बाहेरचा दाता सापडला नाही. आजार परतला. मे महिन्यात नवरा गेला. छत्तीस वर्षांचा होता. मूल नव्हतं.

ज्यू दफनभूमीत त्याला पुरलं. आमच्या सुतकाचे सात दिवस मी रीतीप्रमाणे जमिनीवर बसले. मूल नसल्यामुळे मेलेल्यासाठी रोजची प्रार्थना भावाने म्हणायची. प्रार्थनेचं पुस्तक मी स्वतः दिराच्या हातात दिलं. तो म्हणताना रडला. मी त्याला पाणी दिलं.

जूनमध्ये मी घर आवरायला काढलं. कठड्यावरचा गठ्ठा उचलला आणि त्याला फोन करणार, तेवढ्यात हॉस्पिटलच्या नावाचा एक लिफाफा दिसला. मार्चमधला. दुसऱ्याचं पत्र उघडू नये, एवढी अक्कल मला होती. पण मला वाटलं, त्याच्या लिव्हरचं काही असेल, राहून जायला नको. मी उघडलं.

माझं डच तेव्हा भाजीपाल्यापुरतं होतं. शब्दकोश घेऊन बसले. एकेक शब्द पेन्सिलीने वर लिहीत गेले. पत्र चार ओळींचं, सभ्य होतं. तुम्ही दाता म्हणून माघार घेत असल्याचं आम्हाला कळवलंत, त्या निर्णयाचा आम्ही आदर करतो, कारण आम्ही कुणालाही सांगणार नाही, मन बदललं तर पुढच्या चार आठवड्यांत या नंबरवर कळवा. आणि खाली, तपासण्यांमध्ये तुमची तब्येत पूर्ण निरोगी आढळली आहे.

लिव्हरला काही झालं नव्हतं.

मी ते पत्र किती वेळा वाचलं कोण जाणे. सगळ्यांत जास्त मला जाळलं त्या चार आठवड्यांनी. ते चार आठवडे पत्र माझ्याच घरात, माझ्याच खिडकीत पडून होतं, आणि मी रोज त्याच्यावरची धूळ फडक्याने झटकत होते. उघडलं असतं तर मी त्याची गचांडी धरून त्याला हॉस्पिटलात नेलं असतं. पाया पडले असते. काहीही केलं असतं.

त्या दिवसापासून मी दिराला मनातल्या मनात अरे-तुरे करायला लागले. वरून काही दाखवलं नाही. तो आला की चहा द्यायची. तो म्हणायचा, "वहिनी, काही लागलं तर सांगा. आता मीच आहे तुम्हाला." मी मान हलवायची आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसायची. हा मरावा असं मला वाटत नव्हतं. मेला असता तर सुटला असता. त्याने कुठेतरी लोकांसमोर उभं राहावं आणि त्याला त्याचं नाव ऐकू यावं, एवढंच वाटायचं. कसं, ते कळत नव्हतं.

ते मला एका म्हातारीने सांगितलं. तिला सांगायचंच होतं असं नाही, बोलता बोलता निघालं. शहरातल्या छोट्या सिनेगॉगमध्ये मी अधूनमधून जायला लागले होते, आणि तिथे ऐंशीच्या पुढची एक डच बाई माझ्या शेजारी बसायची. माझं डच सुधारावं म्हणून ती सावकाश, एकेक शब्द वेगळा करून बोलायची. एकदा प्रार्थनेनंतर कॉफी पिताना तिने विचारलं, "मूल होतं का?"

"नाही."

"नवऱ्याला भाऊ आहे?"

"आहे."

"मग त्याने तुला सोडलं का?"

मला कळेना. तेव्हा तिने समजावून सांगितलं, आणि मग हळूहळू मला आठवलं की लहानपणी हे कुठेतरी कानावरून गेलं होतं. प्राचीन इस्राएली लोकांमध्ये माणूस मूल न होता मेला तर त्याच्या भावाने विधवेशी लग्न करायचं, आणि पहिला मुलगा मेलेल्या भावाच्या नावाने वाढवायचा. नाव पुसलं जाऊ नये, जमीन कुळाबाहेर जाऊ नये, आणि बाई दारोदार फिरू नये. भाऊ नको म्हणाला तर विधवेने गावाच्या वेशीवर वडीलधाऱ्यांपुढे जायचं, त्याच्या पायातलं पायताण काढायचं आणि थुंकून म्हणायचं की जो आपल्या भावाचं घर उभारत नाही त्याचं असंच होतं. पुढे त्याच्या घराला लोक पायताण काढलेल्याचं घर म्हणत. आता दिराशी लग्न कुणी लावत नाही. पण जोडा काढायचा विधी अजून करतात, कारण तो झाल्याशिवाय आमच्या धर्मात त्या विधवेला दुसरं लग्न करता येत नाही.

आमच्या कोकणातल्या लोकांना यातलं काही उरलं नव्हतं. शेजारच्या हिंदू घरांसारखंच आमच्यातही विधवेचं दुसरं लग्न होत नव्हतं, मग सोडवायचं कुणाला आणि कशासाठी?

म्हातारीने स्वतःचंही सांगितलं, दोन वाक्यांत. युद्धात तिचा नवरा गेला तेव्हा ती वीस वर्षांची होती. नवऱ्याचा भाऊ कुठे नेला गेला, जिवंत आहे की नाही, हे तिला सात वर्षं कळलं नाही, आणि सात वर्षं ती बांधलेली राहिली. "तुझा दीर समोर आहे," ती म्हणाली. "त्याच्या पायापर्यंत तुझा हात पोचतो."

ती बिचारी माझ्या दुसऱ्या लग्नाचा विचार करत होती. मी त्या थुंकीचा विचार करत होते. घरी परत येताना सायकल चालवत मी ते वाक्य मराठीत पुन्हा पुन्हा म्हटलं. भावाचं घर उभारत नाही. हजारो वर्षांपूर्वी कुणा बाईसाठी ठरवून ठेवलेलं हे वाक्य माझ्या दिराच्या मापाचं निघालं होतं.

ॲमस्टरडॅमच्या रब्बींना मी पत्र लिहिलं. ठाण्याहून लग्नाचे आणि आम्ही ज्यू असल्याचे कागद मागवले. रब्बींनी भेटायला बोलावलं. पांढऱ्या दाढीचे, चांगले गृहस्थ होते. इंग्रजीत विचारलं, "दुसऱ्या लग्नाचा विचार आहे?"

"आज नाही."

"तरी हा तुमचा हक्क आहे," ते म्हणाले. "दीर यायला तयार आहे का?"

दिराला मी जेवायला बोलावून सांगितलं. मला वाटलं होतं तो कां-कूं करेल. उलट त्याचा चेहरा खुलला. "करून टाकू की, वहिनी! तुमचं वय तरी काय आहे? माझ्याकडून तुम्हाला पूर्ण मोकळीक." मोकळीक देत होता. दानच करत होता मला. मी ताटात भाजी वाढली आणि म्हटलं, "एक करा, भावजी. तिलाही घेऊन या. घरातली होणार आहे, तिने बघायला हवं."

ती म्हणजे सासूबाईंनी त्याच्यासाठी ठरवलेली मुलगी. पुण्याची, आमच्यातलीच, मास्ट्रिख्टला शिकत होती. साखरपुडा झाला होता. दोन-तीनदा माझ्याकडे राहून गेली होती, माझ्याबरोबर पुरणपोळ्या लाटल्या होत्या. गुणी मुलगी. तिला तिथे बोलावताना मी काय करतेय हे मला पक्कं ठाऊक होतं. इथे मी स्वतःला चांगलं म्हणून घेणार नाही.

आदल्या दिवशी तालीम झाली. वाक्यं हिब्रूत म्हणायची असतात, तीही बाईने स्वतः. त्यात एके ठिकाणी 'नाही' आणि 'इच्छितो' हे दोन शब्द लागोपाठ येतात. रब्बींनी बजावलं की ते एका श्वासात म्हणायचे. मध्ये श्वास घेतला तर नुसतंच 'इच्छितो' ऐकू जाईल आणि अर्थ उलटा होईल. मी दहा वेळा म्हणून दाखवलं. "उद्या सकाळी काही खाऊ नका," ते म्हणाले, "थुंकी अन्नाची नको, तुमची स्वतःची हवी." दिरालाही सगळं समजावलं. बाहेर पडताना तो हसत म्हणाला, "वहिनी, जरा बेतानं हं. नवा शर्ट घालून येतोय."

"थुंकी अंगावर नाही, जमिनीवर असते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सिनेगॉगमागच्या एका लांबट खोलीत आम्ही जमलो. बाक, एक फळा, हिटरचा वास. पाच जण टेबलामागे, शिवाय मुद्दाम बोलावलेले सात-आठ म्हातारे पुरुष, कारण हे लोकांसमोर व्हावं लागतं. ती मुलगी मागच्या बाकावर, मांडीवर पर्स घेऊन. रब्बींनी विचारलं, मृत्यूला नव्वद दिवस होऊन गेले का? गेले. मूल नाही? नाही. मग दिराने उजवा पाय धुतला आणि त्यांच्या जवळचा खास जोडा पायात चढवला. सगळा चामड्याचा, शिवणसुद्धा चामड्याची, वर लांब वाद्या. त्या पोटरीभोवती गुंडाळून बांधल्या. तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि पाय जमिनीवर दाबून धरला.

मी वाक्यं म्हटली. माझा दीर आपल्या भावाचं नाव चालवायला तयार नाही. ते दोन शब्द एका श्वासात म्हटले. त्यानेही त्याचं वाक्य म्हटलं, तिला घ्यायची माझी इच्छा नाही.

मग मी खाली वाकले. एका हाताने, उजव्याच, वाद्या सोडायच्या असतात. पहिली गाठ सुटली, दुसरी सुटली, आणि जोड्याच्या वर त्याचा घोटा दिसला. तसाच. घोट्याचं हाड तसंच एका बाजूला आलेलं, खाली तशीच निळी शीर. शेवटच्या महिन्यात नवऱ्याचे पाय सुजायचे आणि मी रोज संध्याकाळी त्यांना तेल चोळायची. दोघांचे पाय एक होते हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. माझा हात थांबला. खोलीत कुणी खोकलं. "सावकाश," रब्बी म्हणाले. त्यांना वाटलं मला गाठ सुटत नाहीये.

मग मला सुचलं, पाय एक, रक्तही एक. एक असूनही दिलं नाही.

मी जोडा ओढून काढला आणि असा फेकला की तो समोरच्या बाकाच्या पायाला आपटला. उभी राहिले. रात्रीपासून पोटात काही नव्हतं, तोंड सुकलेलं असायला हवं होतं, पण नव्हतं. थुंकले. पाचही जणांनी मान पुढे करून बघितलं. मग दिराच्या डोळ्यांत बघत शेवटचं वाक्य म्हटलं, भावाचं घर न उभारणाऱ्याचं. तालमीत सांगितल्यापेक्षा जास्त जोर आला असावा. त्याचं हसू पहिल्यांदाच गेलं. समोरच्या म्हाताऱ्यांनी रीतीप्रमाणे तीनदा एका आवाजात म्हटलं, जोडा काढलेला, जोडा काढलेला, जोडा काढलेला.

बाहेर व्हरांड्यात रब्बींनी माझं अभिनंदन केलं आणि ते कागदावर सह्या करायला आत गेले. आम्ही तिघंच उरलो. दीर मोजे चढवत होता. मुलगी म्हणाली, "वहिनी, अंगावर काटाच आला. पण ते शेवटचं... घर उभारलं नाही म्हणजे? यांनी काय केलं?"

"अगं, जुना रिवाज आहे," तो म्हणाला. "शब्दांना काही अर्थ नसतो."

मी पर्समधून लिफाफा काढला. "तुला डच येत नाही ना? मी वाचून दाखवते." आणि उभ्या-उभ्या चारही ओळी मराठीत सांगितल्या. माघार. आदर. चार आठवडे. पूर्ण निरोगी.

तिने त्याच्याकडे पाहिलं. तिला त्याने लिव्हरचंच सांगितलं होतं. माझ्यासारखीच तीही त्याला बिनतिखटाचं करून घालायला शिकत होती.

त्याच्या तोंडून पहिलं काय निघालं असेल? "वहिनी, तुम्ही माझं पत्र उघडलंत?"

"उघडलं. उशिरा उघडलं, तेवढी एक चूक माझी. बाकी सगळं तुझं." आयुष्यात पहिल्यांदा त्याला तोंडावर 'तू' म्हटलं.

"तू भावाला मरू दिलंस आणि माझ्या हातची खिचडी खाल्लीस," मी म्हटलं. "त्याने तुझ्या डोक्यावरून हात फिरवला होता. आठवतं? कबरीपुढे त्याच्यासाठी प्रार्थना म्हणालास ती कुठल्या तोंडाने?"

तो खाली वाकून बुटाच्या नाड्या बांधायला लागला. मुलगी एवढंच म्हणाली, "मी एकटी जाते," आणि निघून गेली. मी आइंडहोवनची गाडी पकडली, स्टेशनवर घेतलेला ब्रेड गाडीत बसून खाल्ला. पोटभर खाल्ला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा चव लागली.

पंधरा दिवसांत साखरपुडा मोडला. तिने मला फोन केला नाही, पण तिच्या आईने केला. "आमची पोर वाचली," एवढंच म्हणाली. मला वाटलं होतं की मी जिंकले, आणि काही दिवस खरंच तसं वाटलंही. सकाळी उठले की ती खोली आठवायची, त्याचा उतरलेला चेहरा आठवायचा आणि कामावर जायला हुरूप यायचा. शाळा सुटल्यावर मुलं सांभाळायच्या एका केंद्रात मला नोकरी लागली होती. पोरांच्या नाकातोंडाशी झगडताना मी मनातून गाणं म्हणायची.

मग ठाण्याहून सासूबाईंचा फोन आला. आधी नुसतं रडणं. मग म्हणाल्या, "माझा एक देवाने नेला. दुसऱ्याचं तोंड तू काळं केलंस. सून म्हणायची का वैरीण?"

"पहिल्याला कुणी नेलं ते दुसऱ्याला विचारा, आई."

"त्याला कशाला विचारू? मला विचार," त्या म्हणाल्या. "मी नको म्हटलं होतं त्याला."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पाच दिवस सुया टोचणार, रक्त काढणार, तुम्ही सांगितलंत. मला काय कळतं त्यातलं? मला एवढंच दिसलं, एक तर हातचा चाललाय. दुसराही त्या मशीनला बांधला आणि गेला तर मी कुणाकडे बघू? मी शपथ घातली. म्हटलं, दिलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

"त्यांचं मी बघितलं, आई," मी म्हटलं. "मेलेलं." आणि फोन ठेवला. म्हणजे मलिद्याचं ताट करून देवापुढे मोठ्यासाठी बसलेली बाई, आणि उठल्यावर धाकट्याला फोन करणारी बाई, एकच. मला तिचाही राग आला, पण तिच्यासाठी कुठल्याही शास्त्रात विधी सांगितलेला नाही.

त्या आठवड्यात दीर माझ्या दाराशी आला. भुरभुर पाऊस होता, छत्री नव्हती. मी दार अर्धंच उघडलं.

"आईने सांगितलं ना तुम्हाला?" तो म्हणाला.

"सांगितलं."

"मग?"

"मग काय? शपथ तिने घातली. मोडायची तुझ्या हातात होती. मोडली असतीस तर ती चार दिवस रडली असती आणि दोन मुलांची आई राहिली असती."

तो हळूच म्हणाला, "खरं सांगू, वहिनी? आईने नको म्हटलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. मला आधीपासूनच भीती वाटत होती. सुईची, मशीनची, सगळ्याची. मी तिच्या मागे लपलो." केसांतून पाणी गळत होतं. "आता तरी संपलं का? जे करायचं ते केलंत ना तुम्ही?"

त्याच्याकडून इतकं खरं मी कधी ऐकलं नव्हतं. आत घ्यावं, टॉवेल द्यावा, असं वाटायची एक जागा मनात होती. ती मला दिसत होती. त्या जागेवर मी गेले नाही.

"नाही," मी म्हटलं, आणि दार लावलं.

त्या वर्षअखेरीस त्याने नोकरी सोडली आणि ठाण्याला परत गेला. सासूबाईंनी एकदा शेजारणीकरवी निरोप पाठवला की तू इकडे ये, आपण दोघी मिळून राहू. आमच्या लग्नांमध्ये म्हातारी माणसं एक जुनं उदाहरण देतात, नवरा मेल्यावर सासूचा हात न सोडता तिच्यामागे परक्या गावी गेलेल्या सुनेचं. माझ्या लग्नातही दिलं होतं. मी निरोप परत पाठवला की माझं इथे काम आहे.

मी दुसरं लग्न केलं नाही. रब्बींनी दिलेला कागद कपाटात आहे, आणि तो मी कुणालाही दाखवलेला नाही. दफनभूमीत महिन्यातून एकदा जाते, आमच्या रीतीप्रमाणे कबरीच्या दगडावर खडा ठेवते, परत येते. नवऱ्याला तिथे काही सांगत नाही. भावाबद्दल तर नाहीच. त्याला ते ऐकायला आवडलं नसतं, आणि त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं असतं ती मला नको आहे.

ठाण्याहून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून कळतं की सासूबाईंनी अंथरूण धरलंय आणि मुलगा त्यांचं सगळं करतो. आंघोळ घालतो, वेणी घालतो, शुक्रवारी दिवा लावून देतो. त्याचंही लग्न झालेलं नाही. लोक त्याचं कौतुक करतात. सांगणारे मला बरं वाटेल म्हणून सांगतात. मला बरं वाटत नाही. त्याला हे सगळं करता येत होतं, एवढंच मला त्यातून ऐकू येतं.